ऑइल कूलरची लाइन गळत असेल तर

भाऊ, आधी गाडी उभी कर. ऑइल कूलर इंजिनचं तेल थंड करतो आणि त्याच्या लाइनमध्ये तेल प्रेशरनं फिरतं. आज थेंब पडतोय, उद्या पाइप फुटला तर काही मिनिटांत चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, रिकामा होईल आणि बेअरिंग जातील.

लाइन फडक्यानं कोरडी पूस, इंजिन चालू करून टॉर्चनं बघ. बहुतेकदा रबर आणि धातूचा पाइप जिथे प्रेस केलेला असतो, त्या कॉलरखालूनच तेल पाझरतं. तिथे क्लिप आवळून भागत नाही. पाण्याचा होज तर चुकूनही लावू नको, तेलानं तो फुगतो. जुनी लाइन काढून हायड्रॉलिक होजवाल्याकडे ने, गरम इंजिन ऑइलचं काम आहे हे सांग आणि नवा होज प्रेस करून घे. जोडावरची ओ-रिंग (रबरी सील) नवीनच टाक.

कूलर तात्पुरता वगळायचा, म्हणजे बायपास करायचा असेल, तर दोन्ही लाइन एकमेकींना जोडायच्या. नुसती तोंडं बंद केलीस तर काही इंजिनांत तेलाचा रस्ताच तुटतो. आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात लोड घेऊन कूलरशिवाय गाडी पळवणं मला अजिबात पटत नाही. गॅरेजपर्यंत हळू न्यायची, एवढ्यापुरतंच ठीक.

काम झाल्यावर इंजिन थोडं चालव, बंद कर, पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बघ. रिकाम्या लाइनमध्ये तेल भरलं की पातळी उतरते.