शुगर नॉर्मल आहे, डायबेटिस नाही, तरी हार्टचा धोका असतो का?

प्रश्न वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय वय ४४, वजन ठीकठाक, फास्टिंग (उपाशीपोटीची) शुगर १०६, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ५.८, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) १९०, डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही. आणि विचारताय की मग हार्टची काळजी करायची का, अजून कुठल्या टेस्ट करू, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) लागेल का. पहिल्याचं उत्तर हो. बाकीच्या दोनांकडे येते, पण आधी माझं ऐका, कारण तुमचे आकडे आणि माझे आकडे सख्खी भावंडं शोभतील आणि माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत आता स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, आहे.

आमच्या घरात डायबेटिस नवऱ्याला. चौदा वर्षं. कुठल्या महिन्यात त्याचं एचबीएवनसी किती होतं हे मला तोंडपाठ. गोळ्यांच्या वेळा, पायांची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, सगळं मीच बघायचे, आणि त्याची ती निळी फाईल इतकी जाड झाली की तिचं बटण लागेना. माझी फाईल नव्हतीच. माझं रक्त तपासलं गेलं तेही लॅबवाल्यांचं जोडप्याचं पॅकेज होतं म्हणून, नाहीतर मी कशाला सुई टोचून घेतेय.

रिपोर्ट आला. फास्टिंग १०९, एचबीएवनसी ५.९, टोटल कोलेस्टेरॉल १९४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ११२, एचडीएल (चांगलं म्हणतात ते) ४३, ट्रायग्लिसराईड १९६. बीपी त्या दिवशी १३४/८६. ठळक अक्षरात फक्त फास्टिंग आणि ट्रायग्लिसराईड. एचबीएवनसीच्या खाली बारीक टायपात तक्ता असतो ना, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, तो मी नवऱ्याच्या रिपोर्टवर शंभरदा वाचलेला, स्वतःच्या रिपोर्टवर मात्र नजर त्याच्यावरून सरकून गेली. आणि एचडीएल ४३ ठळक नव्हतं कारण लॅबने सरसकट ४० ते ६० अशी रेंज छापली होती. ती पुरुषांची झाली. बाईचं एचडीएल ५०च्या खाली म्हणजे कमीच. हे मला कधी कळलं? स्टेंट बसल्यावर.

डॉक्टरांनी (माणूस वाईट नाही, बाहेर पंधरा पेशंट बसलेले) दोन मिनिटांत कागद परत दिला. "डायबेटिस नाही, थोडं थोडं बॉर्डरलाईन आहे, चालत जा." कंबर मोजली नाही. गरोदरपणात शुगर वाढली होती का असंही विचारलं नाही. वाढली होती, धाकट्याच्या वेळी. बाळंतपणानंतर गेली आणि आम्ही सगळेच विसरलो, पण ती जाते तेव्हा चिठ्ठी ठेवून जाते हो, अशा बायकांना पुढे डायबेटिसचा धोका जास्त असतोच, आणि डायबेटिस झाला नाही तरी हार्टचा जास्त असतो.

घरी आल्यावर माझ्या मोठ्या नणंदेने, आम्ही त्यांना वन्सं म्हणतो, रिपोर्ट हातात घेऊन निकाल दिला, "गोड तू खात नाहीस, शुगर तुला नाही, तुला काय धाड भरलीये?" झालं. पुढची अडीच वर्षं घरात हेच वाक्य चाललं. मी दमले म्हटलं की धाड. जिना चढताना थांबले की धाड.

मग एका संध्याकाळी जबडा दुखायला लागला. दात असेल म्हटलं. ढेकर येत होते, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे कुणीतरी बोट रुतवून ठेवल्यासारखं वाटत होतं, अॅसिडिटीची गोळी घेतली, थोडं बरं वाटलं, परत सुरू. आणि रात्री साडेअकराला मी काय केलं असेल? नवऱ्याचं ग्लुकोमीटर काढलं आणि स्वतःची शुगर तपासली. ११८. जेवणानंतर ११८ म्हणजे छानच की. आणि त्या ११८च्या भरवशावर मी दिवा बंद करून झोपले. हार्ट अॅटॅक चालू असलेली बाई शुगर मोजून निश्चिंत झोपली, याहून आमच्या घराचं वर्णन मला करता येणार नाही. सकाळी मुलीने ओढत नेलं. ईसीजीत बदल, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीत ९० टक्के ब्लॉक. आयसीयूत तिघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलं, डायबेटिस आहे? तिन्ही वेळा मी नाही म्हटलं आणि खरं सांगते, तिन्ही वेळा थोडं अभिमानाने म्हटलं.

वन्सं भेटायला आल्या आणि खाटेशेजारी उभं राहून नर्सला म्हणाल्या, "फार मनाला लावून घेते हो ही, टेन्शन." मी नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन पडलेली, बोलता येईना. ते आता बोलते.

डायबेटिसची ती रेघ, फास्टिंग १२६, ती हार्टवरून ठरलेलीच नाही. डोळ्यांच्या पडद्याला इजा कुठल्या आकड्यापासून ठळकपणे दिसायला लागते हे बघून ती मारलीये. आणि १९९७ पर्यंत ती १४० वर होती! म्हणजे त्याआधी १३० वाला माणूस "डायबेटिस नाही" म्हणून घरी जायचा आणि त्याच्या वन्सं त्याला हेच म्हणत असणार. डोळ्यांसाठी ठीक आहे रेघ. रक्तवाहिन्या त्या रेघेची वाट बघत बसत नाहीत. २०१० साली डायबेटिस नसलेल्या अकरा हजारांवर लोकांचा एक अमेरिकन अभ्यास आला, वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला. एचबीएवनसी ५ ते ५.५ असणाऱ्यांच्या तुलनेत ५.५ ते ६ वाल्यांना हृदयविकाराचा धोका साधारण सव्वापट, आणि ६ ते ६.५ वाल्यांना जवळजवळ पावणेदोन पट. यातल्या कुणालाही डायबेटिसचं लेबल लागलेलं नव्हतं.

आता आत काय चालतं ते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून शुगर जागेवर ठेवतं. घरातला एक माणूस दुप्पट राबत असला की बाहेरच्यांना घर व्यवस्थित चाललंय असंच वाटतं, तसं. हे कितीतरी वर्षं चालतं. शुगर सगळ्यात शेवटी वाढते, ती वाढते म्हणजे राबणारा थकला. पण मधल्या वर्षांत लिव्हर रक्तात चरबी ओतत असतं, म्हणून ट्रायग्लिसराईड वर. त्या चरबीच्या कणांची एचडीएलशी अदलाबदल होते, म्हणून एचडीएल खाली. एलडीएलचे कण बारीक आणि संख्येने जास्त होतात, त्यामुळे रिपोर्टवरचा एलडीएल सभ्य दिसतो आणि कण मात्र पुष्कळ असतात. किडनी मीठ धरून ठेवते, बीपी चढतं. पाच वेगळी बॉर्डरलाईन दुखणी नाहीत ही, एकाच झाडाची फळं आहेत. जेराल्ड रीव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये हे सगळं एकत्र मांडून त्याला सिंड्रोम एक्स म्हटलं होतं, आता मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. कंबर जास्त, ट्रायग्लिसराईड १५० किंवा वर, एचडीएल कमी, बीपी १३०/८५ किंवा वर, फास्टिंग १०० किंवा वर. पाचातले तीन असले की झालं. माझे पाचही होते. पाचपैकी पाच मार्क आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळाले नव्हते.

तुमचे दोन तर इथेच दिसतायत. एचडीएल, बीपी, कंबर तुम्ही लिहिलेलं नाही. "वजन ठीकठाक" हे कृपा करून सांगू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. दोघेही बारीकच दिसतात. म्हणून आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांसाठी कंबरेची मर्यादाच वेगळी आहे, पुरुष ९० सेंटीमीटर, बाई ८०. आणि मोजायची म्हणजे पँटचा नंबर सांगायचा नाही. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

टेस्टचं म्हणाल तर रिपोर्टमधून एक वजाबाकी करा, टोटल वजा एचडीएल. माझं १९४ वजा ४३, १५१. याला नॉन-एचडीएल म्हणतात, साधारण १३०च्या आत असलेला बरा. बऱ्याच रिपोर्टात एलडीएल मोजलेला नसतोच, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराईडचा पाचवा हिस्सा वजा करून काढलेला असतो, त्यामुळे ट्रायग्लिसराईड जास्त असणाऱ्यांनी त्या एकाच आकड्यावर विसंबू नये. शक्य असेल तर एपोबी ही रक्ताची टेस्ट करा, त्यात कोलेस्टेरॉलचे कण किती ते कळतं. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) आयुष्यात एकदा, ते आनुवंशिक असतं, पुढे फारसं बदलत नाही. फास्टिंग इन्सुलिनच्या नादी लागू नका, लॅबगणिक आकडा बदलतो आणि कंबर नि ट्रायग्लिसराईड मिळून बहुतेक तेच सांगतात.

स्टॅटिन मी ठरवणार नाही, तुमचं बीपी, घराणं, सिगारेट काहीच मला माहीत नाही. डॉक्टरांचंही मन डळमळत असेल तर कॅल्शियम स्कोअरचं सीटी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम दाखवणारं स्कॅन) विचारा, शून्य आलं तर बहुतेकदा थांबता येतं, शंभरच्या वर आलं तर वाद मिटतो. "स्टॅटिनने शुगर वाढते" हे खरं आहे, थोडीशी वाढते, विशेषतः आधीच काठावर असणाऱ्यांची. पण ज्याला गरज आहे त्याचा हार्टचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. माझं एचबीएवनसी स्टॅटिनवर ५.९चं ६.१ झालं. घेतेच आहे.

आणि उलट टोकाला जाऊन शुगर पाडायच्याही मागे लागू नका, काठावरच्या आणि डायबेटिसच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांना इन्सुलिन देऊन शुगर नॉर्मल ठेवण्याचा मोठा प्रयोग झालाय, २०१२ मध्ये निकाल आला, हार्टला फायदा शून्य. एचबीएवनसी ही धोक्याची खूण जास्त आहे, कारण कमी, म्हणून बीपी आणि कोलेस्टेरॉल आधी धरा, मग पोट. चालणं चांगलंच, पण जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू उचलतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा काहीतरी वजन उचला. मला पन्नाशीत डंबेल धरायला लाज वाटली होती. आता वाटत नाही.

आता खरं ते पण सांगायला हवं, नाहीतर वन्सं हे वाचतील आणि पकडतील. माझ्या आईला ५८व्या वर्षी अॅटॅक आला होता. बीपीची गोळी मला मधे सुरू केली होती, ती मी दोनदा आपली आपण सोडली, बरं वाटतंय म्हणून. मेनोपॉज चालू होता, त्यातही कोलेस्टेरॉल वर जातं. म्हणजे सगळं खापर त्या ५.९ वर फोडता येणार नाही. टेन्शनचाही हार्टशी संबंध असतो, नाही असं नाही, पण टेन्शन मोजायची पट्टी नाही आणि कंबर मोजायची आहे, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे. आणि हे वाचून डायबेटिसवाल्यांनी आपण बरे असं समजू नका, त्यांचा धोका आमच्याहून जास्तच असतो. माझा नवरा ठीक आहे कारण चौदा वर्षं त्याचं बीपी, कोलेस्टेरॉल, सगळं कुणीतरी फाईलला लावत होतं.

मागच्या महिन्यात वन्सं राहायला आल्या होत्या. त्यांनाही डायबेटिस नाही, हे दिवसातून दोनदा सांगतात. मी शिवणाच्या डब्यातला टेप काढला. आधी नाही म्हणाल्या, मग पोट आत ओढलं, मग मी बोलण्यात गुंतवलं आणि श्वास सुटला तेव्हा मोजलं. ९४. "कपड्यांची जाडी धर की त्यातून," म्हणाल्या. धरली. चार सेंटीमीटर सोडले. लिपिड प्रोफाइलचं विचारलं तर म्हणाल्या बघू, पुढच्या वेळी.