थंड उपचार चालू आहेत, बाळ शांत झोपलंय, मग मेंदूचा मॉनिटर कशाला?

जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला म्हणून तुमच्या भावाच्या बाळाला थंड करून 33.5 अंश सेल्सिअसवर ठेवलंय, ते शांत झोपलंय, तरी डोक्याच्या तारांचं रोज वेगळं बिल का, असं तुम्ही विचारलंय. हा ‘शांत’ शब्द एनआयसीयूच्या (नवजात अतिदक्षता विभागाच्या) नाइट ड्यूटीत इतका ऐकलाय की लिहिल्यावाचून राहवेना.

थंड केलेलं, गुंगीचं औषध चालू असलेलं बाळ शांतच दिसणार. हृदयाचे ठोकेही शंभराच्या आसपास उतरतात. मेंदूत झटके चालू असताना बाहेर बोटही हलत नाही, असं पुष्कळदा होतं.

एका बाळाचा डावा हात झटकत होता. फेनोबार्बिटोन हे झटक्यांचं औषध दिलं, हात थांबला, सगळे निर्धास्त. रात्री एईईजीच्या (डोक्याच्या तारांवरून मेंदूच्या विद्युत लहरींची दाबून दाखवलेली नोंद) पट्ट्याची खालची कड मात्र वर चढायची, उतरायची, परत चढायची, करवतीचे दातेच, म्हणजे झटक्यांची शंका. रजिस्ट्रार म्हणाले, “सिस्टर, तार सैल असेल. तुम्ही टेम्परेचर बघा, ट्रेस आम्ही बघतो.” तार सैल नव्हती. इम्पिडन्स, म्हणजे तारेच्या संपर्कातला अडथळा, ठीक होता. सक्शन केलं, कूस बदलली, त्या प्रत्येक वेळेची खूण मीच मशीनवर केली होती आणि दाते त्या खुणांपाशी नव्हते, भलतीकडेच होते. खालचा कच्चा, न दाबलेला ईईजी उघडला तर तीच लाट पुन्हा पुन्हा. मी सरळ मोठ्या डॉक्टरांना, सरांना, घरी फोन लावला. दुसरं औषध सुरू झालं, दाते गेले. सकाळी मेट्रनकडे तक्रार माझीच: सिस्टर पायरी सोडून वागतात!

ट्रेस बघणं सिस्टरचं काम नाही म्हणे. अहो, तासाभराची नोंद सहा सेंटिमीटरमध्ये दाबून दाखवतात ती कशासाठी? खाटेपाशी उभ्या माणसाला वाचता यावी म्हणूनच ना? आणि रात्रभर खाटेपाशी कोण असतं?

तेव्हा बिलावरून भांडण्याआधी एवढं विचारा, की रात्री हा पट्टा कोण वाचतं. “सकाळी राउंडला बघतात” असं उत्तर आलं तर तुमचे पैसे खरंच पाण्यात.

हां, एईईजीत छोटे झटके सुटतात. शंका असेल तर पूर्ण ईईजी हवा. पहिल्या रात्रीच्या पट्ट्यावरून भविष्यही विचारू नका. औषधांनी पट्टा दबतो, आणि थंड केलेल्या बाळात तो 48 तासांपर्यंत सावरला तरी आशा असते. पुढचा अंदाज एमआरआय आणि तपासणी मिळून येतो.

कुणीतरी हेलिक्स या थंड उपचारावरच्या अभ्यासाचा विषय काढेलच. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भारत, श्रीलंका, बांगलादेशातली 408 बाळं होती, मुंबईचं सायन हॉस्पिटलही होतं, आणि थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. थंड करावं की नाही हा वाद त्यामुळे खराच आहे, पण तो मॉनिटरचा नव्हे. उलट उपचार सुरू झालाच असेल तर नजर जास्त हवी.

72 तासांनंतर बाळाला तासाला साधारण अर्धा अंश अशी हळूहळू ऊब देतात. झटके तेव्हाही उलटू शकतात. बिल वाचवायला त्याआधीच तारा काढायला सांगू नका.