पहाटेच्या राइडसाठी सायकलला पुढचा लाइट किती ल्युमेनचा घ्यावा?

पुण्यातून पहाटे साडेचारला निघून सिंहगडाच्या पायथ्याला जायचं म्हणताय, तर 400 ते 600 ल्युमेनचा घ्या (ल्युमेन म्हणजे लाइटच्या एकूण उजेडाचं माप). शहरातल्या दिव्यांखाली आपण दुसऱ्याला दिसलो की झालं, 200 पुरतात. खडकवासल्याच्या पुढे मात्र खड्डा आपल्याला दिसायला हवा. आणि ल्युमेन खरेखुरे हवेत. तीन-चारशे रुपयांच्या लाइटच्या खोक्यावर बिनधास्त 2000 छापलेलं असतं!

मी तर आकड्याआधी झोत बघतो. जर्मनीच्या नियमात बसणाऱ्या लाइटचा झोत वरून कापलेला असतो, उजेड रस्त्यावरच पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. साधा गोल झोत असेल तर लाइट किंचित खाली झुकवा. उजेडाचा मध्य साधारण 15 मीटरवर पडू दे. ताशी 25 किमी वेगाला सेकंदात 7 मीटर जातात, म्हणजे ब्रेक दाबायला जेमतेम दोन सेकंद मिळतात. अंधारात लुकलुकणारा मोड नको, खड्ड्याची खोलीच कळत नाही.

बॅटरीचे खोक्यावरचे तास बहुतेकदा सगळ्यात मंद मोडचे असतात. मी फुल मोडवर गेलो आणि डोणज्याच्या अलीकडे लाइट गुल. पुढचा रस्ता मोबाइलचा टॉर्च एका हातात धरून, सायकल ढकलत.

पावसाळ्यात किमान आयपीएक्स4, म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसणारा लाइट बघा, चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण दाबून बसवा. मागचा लाल लाइट आहे ना?