रॅलीच्या आधी एप्रिलची तयारी कर

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. २६ जूनच्या जागतिक अमली पदार्थविरोधी दिनाला गावातून रॅली काढायची, शाळेच्या मैदानावर सभा घ्यायची आणि तिथं मी बोलायचं, असा तुझा बेत आहे. मी येईन, बोलेनही. पण पत्राच्या शेवटी तू जे चार ओळींत उरकलंयस, ते मला रॅलीपेक्षा मोलाचं वाटलं. तुझ्या आईच्या बचत गटाला मिरची, कांदा, टोमॅटो वाळवून विकायचेत, बायका तयार आहेत, पण हात कमी पडतात म्हणून काम अडलंय. आणि त्याच्याच वर तू लिहितेस की बारावी झालेली, भरतीची तयारी करणारी पोरं दिवसभर स्टँडमागे बसून असतात आणि त्यातल्या काहींचं लक्षण तुला बरं दिसत नाही. ही दोन कामं वेगळी धरू नकोस.

जरा वर्षाचा हिशेब बघ. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मे महिन्यात, पुढचे प्रवेश जून-जुलैत. रब्बी निघालेली असते, खरिपाला अवकाश असतो. कोरडवाहू गावात या दिवसांत सतरा-अठरा वर्षांच्या पोराला घरात कुणी काही विचारत नाही, शेतात त्याच्यावाचून काही अडत नाही. माझ्या ओळखीतल्या ज्या घरांत पोरं नशेला लागली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सुरुवात याच सुट्टीत झाली. आणि आपला वाळवणाचा हंगामही नेमका हाच. शिमग्यापासून मृगापर्यंत मराठवाड्यात जे ऊन पडतं आणि दुपारची हवा जितकी कोरडी असते, तितकी पुढे वर्षभर मिळत नाही. २६ जूनपर्यंत पाऊस आलेला असेल, वाळवण डब्यात गेलेलं असेल आणि पोरांची सुट्टी जशी जायची तशी गेलेली असेल. म्हणून तुझी खरी तारीख मार्चची आहे.

भीती घालणारी भाषणं मी खूप ऐकली आहेत. कवटीची चित्रं, 'नशा म्हणजे नाश' असे फलक. जे पोर अजून लांब आहे ते टाळ्या वाजवतं, आणि ज्यानं एकदा चव घेतलीय ते मनात म्हणतं, मी तर घेतली, मला तर काही झालं नाही. तिथून पुढे ते आपलं काहीच खरं मानत नाही. आइसलंडसारख्या लहान देशानं वेगळी वाट धरली. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना विचारलं, तर गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली मुलं ४२ टक्के निघाली. त्यांनी शाळेनंतरचे तास भरून काढले. खेळ, संगीत, पोरांना जबाबदार मोठ्यांची सोबत, आईबापांसोबत जास्त वेळ, रात्री उशिरा बाहेर राहण्याला बंधन. २०१६ मध्ये तो आकडा ५ टक्क्यांवर आला होता. त्यांच्याकडचा पैसा आपल्याकडे नाही, हे मला कळतं. पण दुपारचे तास आपल्याकडेही तितकेच रिकामे आहेत.

'हे मुंबई-पुण्याचं लोण, आपल्या खेड्यात कुठलं' असं कुणीतरी म्हणेल, तेव्हा शांतपणे सांग. ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या एमआयडीसीत धाडी पडल्या, त्यात कोकेन, मेफेड्रोन, केटामाइन सापडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूरला एमडी पोचवणारे तामलवाडीजवळ पकडले गेले. आई भवानीच्या गावात. एमडी म्हणजे तेच मेफेड्रोन. त्याचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून पोरगं एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा घेतं. झोप जाते, भूक जाते, छाती धडधडते.

खेड्यात मात्र जास्त करून स्वस्तातलं चालतं. 'बटन', म्हणजे नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम अशा झोपेच्या नाहीतर घबराटीवरच्या गोळ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. पंक्चरचं सोल्युशन. गांजा. आणि भरतीच्या, जिमच्या पोरांमध्ये मेफेंटरमाइनचं इंजेक्शन; ऑपरेशनच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर वापरतात ते औषध ही पोरं धावायला दम यावा म्हणून टोचून घेतात. यातलं बरंचसं मुळात औषध म्हणूनच बनलेलं आहे, म्हणून पोरांना ते निरुपद्रवी वाटतं. बटनासोबत दारू घेतली तर श्वास मंदावून झोपेतच माणूस जाऊ शकतो, हे त्यांना कुणी साध्या शब्दांत सांगितलेलंच नसतं. सभेत मी एवढंच सांगणार आहे.

आता वाळवणाकडे येते. तुझं शिक्षण अन्नतंत्राचं, तरी एक सांगते: तुझ्या आईला वाळवायला शिकवू नकोस. सांडगे, कुरडया, खारोड्या, गवारीच्या वाळवलेल्या शेंगा, मेथीचा पाला हे ती तुझ्या जन्माआधीपासून करतेय. तिला जे लागतं ते विकण्याजोगा सारखेपणा आणि बुरशीपासून खात्री. तेवढं तू दे.

मिरचीपासून सुरू कर, कारण माल दारात आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात भाव पडले की तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही, हे तुमच्या भोकरदन तालुक्यात कुणाला सांगायला नको. झाडावर लाल होऊ दिलेली मिरची घ्यायची. ती उघड्या मातीवर अजिबात पसरायची नाही. खालून ओल धरली की बुरशी येते, आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष दळून किंवा फोडणीत भाजून जात नाही. जमिनीपासून उंच जाळीच्या तट्ट्यावर पातळ थर, रात्री दवाच्या आधी झाकण, सकाळी ऊन आल्यावर उघडणं. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की थांबायचं. मीटर नसेल तर मिरची कानाशी हलव: बी आत खुळखुळलं पाहिजे आणि देठाजवळ दाबल्यावर साल चिवट न लागता तडकली पाहिजे.

कांद्याच्या चकत्या सगळ्या एकाच जाडीच्या हव्यात, तीन-चार मिलिमीटर. जाड-बारीक झाल्या की बारीक करपतात, जाड आतून ओल्या राहतात आणि तीच एक ओली चकती सबंध पाकीट नासवते. टोमॅटोचं गणित आधी मांड. त्यात ९४ टक्क्यांच्या वर पाणी असतं. दहा किलोतून जेमतेम अर्धा-पाऊण किलो सुका माल हाती येतो. तेव्हा भाव पूर्ण कोसळल्यावरच त्याला हात लाव. मेथी, पालक सावलीत वाळव, उघड्या उन्हात रंग आणि जीवनसत्त्वं दोन्ही जातात. आणि ड्रायर मिळाला म्हणून पहिल्याच तासाला ताप वाढवू नकोस. ५५ ते ६० अंशांवर ठेव. घाई केली तर वरची साल कडक होऊन बसते, आतलं पाणी आतच अडकतं. हाताला माल सुका लागतो आणि दोन आठवड्यांनी पाकिटात बुरशी दिसते. म्हणून वाळलेला माल आठवडाभर काचेच्या बरणीत सैल भरून ठेव, रोज हलव. काचेला आतून दव दिसलं तर पुन्हा उन्हात.

सौर ड्रायरवर आपल्याच भागात मोठं काम उभं राहिलंय. एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज या कंपनीनं मराठवाड्यातल्या बायकांना ड्रायर देऊन त्यांच्याकडून वाळवलेला माल घ्यायची पद्धत बसवली, आणि पर्यावरणाच्या कामासाठी दिलं जाणारं २०२३ चं अर्थशॉट पारितोषिक त्यांना मिळालं. अशा ठिकाणी जाऊन ये. परभणीच्या कृषी विद्यापीठातले तुझे सर अजून ओळख ठेवतात, त्यांनाही विचार. अन्न सुरक्षेची नोंदणी, सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं अनुदान ही कागदपत्रं तालुका कृषी कार्यालयात कळतील, त्यावर मी पान घालवत नाही.

पोरांना या कामात घ्यायचं ते असं. 'नशामुक्ती प्रकल्प' हे नाव कुठेही लावू नकोस. ते नाव दिलंस की चांगल्या घरचे आईबाप आपलं पोर पाठवणार नाहीत, आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांच्या कपाळावर शिक्का बसेल. हे बचत गटाचं मिरची-कांद्याचं काम आहे, एवढंच नाव पुरे. पहाटे तट्टे मांडायचे, दुपारी दोनदा माल उलटायचा, दिवेलागणीला उचलायचा. दुपारी एक ते चार ही स्टँडमागे बसायची वेळ, तेव्हाच माल उलटावा लागतो. सतत चुळबुळ करणाऱ्या पोराच्या हाती वजनकाटा आणि वही दे. तारीख, आणलेला ओला माल, उतरलेला सुका माल, किती तासांत, कुणी उलटला. त्याच्या वहीवरून बायकांचे पैसे निघतात हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळेल, आणि एक दिवस तो आला नाही तर चार बायका त्याच्या दारात उभ्या राहतील. कुणीतरी आपली वाट बघतंय हे त्या वयात फार मोठं असतं गं. कितीतरी पोरांना ते मिळतच नाही.

मजुरी रोज रोख देऊ नकोस. आठवड्यानं, बँकेच्या खात्यावर, आणि घरच्यांना माहीत असेल अशी. जे पोर घेतं असा संशय आहे त्याला हाकलू नकोस, पण चकत्या करायच्या मशीनवर त्याला बसवायचं नाही, यात भीड ठेवू नकोस. तिथं गटातली एक मोठी बाई कायम हजर हवी. तुझ्या आईच्या जाऊबाई मला त्या कामाला योग्य वाटतात, त्यांचा पोरांवर धाक आहे आणि जीवही. विकणाऱ्याच्या नादी तू स्वतः लागू नकोस. १९३३ हा सरकारच्या अमली पदार्थविरोधी मानस हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथं नाव न सांगता माहिती देता येते.

तुझ्या भावाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस आणि पुढे खोडलीस. खोडलेलं मला वाचता आलं.

त्याच्याशी तूच बोल, एकटी असताना, तो शुद्धीत असताना. वडिलांसमोर, ताटावर नको. 'तू काय घेतोस' असं विचारण्याआधी 'तुला झोप येते का, रात्री काय होतं' असं विचार. त्याची बॅग काका-मामांसमोर उचकू नकोस. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेव. तो रोज बटन घेत असेल तर घरात कोंडून एकदम बंद करायचं नाही. या गोळ्या अचानक थांबवल्या तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. त्या डॉक्टरच हळूहळू कमी करतात. वाळवणाच्या कामानं तो बरा होईल अशी आशा धरू नकोस. काम त्याला सांभाळायला मदत करेल, उपचाराची जागा घेणार नाही. खेडोपाडी 'केंद्र' म्हणून चालणाऱ्या काही जागांत पोरांना बांधून ठेवतात, मारतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, हे विचारल्याशिवाय कुठेच सोडू नकोस.

पोलिसांची भीती वडिलांच्या मनात असणार. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ कलम आहे: व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा थोड्या मात्रेच्या गुन्ह्यातल्या खटल्यापासून त्याला संरक्षण मिळतं. हे त्यांना सांग, गरज वाटली तर मी सांगते. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर आधी बोलता येईल. रात्री तूच घाबरलीस, रडू आलं, तर १४४१६ वर फोन कर. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, तीही मोफत.

संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला न्यायचं ठरलं की आदल्या दिवशी मला कळव. मी गेटवर थांबेन, तुम्ही दोघं आणि मी मिळून जाऊ, वडिलांना पहिल्या खेपेला आणायची गरज नाही. आधार कार्ड, आधीच्या चिठ्ठ्या आणि त्याच्या खिशात, गादीखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली तर तीही सोबत घे. फेकून देऊ नकोस, कुठली गोळी आणि किती ताकदीची हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं.

तुझ्या मॅडम