प्रश्न तुमचे : पासवर्ड नसताना पायथॉन

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातली. एसएसएलसीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये सेंटओएस ७ ही लिनक्स सिस्टिम आहे आणि त्यात पायथॉन २.७. अॅडमिन पासवर्ड आम्हाला मिळत नाही, म्हणून ३.११ चा सोर्स उतरवून होम फोल्डरमध्ये बिल्ड केला. पायथॉन सुरू होतं, पण पिप (पायथॉनची पॅकेजं उतरवणारं साधन) चालवलं की 'एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही' असं येतं. मैत्रिणी म्हणतात, पासवर्डाशिवाय हे व्हायचंच नाही. खरं का?

उत्तर : खरं नाही. आणि अर्धं काम तू करून बसली आहेस, हे आधी सांगतो.

पासवर्ड नक्की कुठं लागतो ते बघ. 'मेक इन्स्टॉल' म्हणजे तयार झालेल्या फायली ठरल्या जागी नेऊन ठेवणं. वेगळं काही सांगितलं नाही तर ती जागा 'यूएसआर'मधलं 'लोकल' असते आणि तिथं फक्त रूटला, म्हणजे अॅडमिनला, लिहिता येतं. कॉन्फिगर करताना 'प्रीफिक्स' म्हणून आपल्या होममधला फोल्डर दिला की रूटचा संबंध संपला. गायरानात बांधायचं तर परवानगी हवी, आपल्या परसात चूल मांडायला कोण विचारतं?

तुझं अडलंय ते ओपनएसएसएलपाशी, म्हणजे नेटवर सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या लायब्ररीपाशी. पिपला पॅकेजं उतरवायला तीच लागते. पायथॉन ३.१० पासून पुढं ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यानंतरचं लागतं. सेंटओएस ७ मध्ये आहे १.०.२. ते चालत नाही म्हणून पायथॉनचा बिल्ड थांबत मात्र नाही. एसएसएल वगळून बाकीचं तयार होतं, आणि राहून गेलेल्या मॉड्यूलांची यादी मेकच्या (बिल्ड करणाऱ्या आज्ञेच्या) शेवटी येते. खानापूरची गाडी धरायची घाई असली की नेमकी तीच वाचायची राहते. म्हणून मेकचं सगळं आउटपुट एका फाइलमध्ये साठवायची सवय लाव. त्या यादीत 'सीटाइप्स'ही दिसलं, तर लिबएफएफआय या लायब्ररीच्या हेडर फायली नाहीत असं समज. ती लायब्ररीही होममध्ये अशीच बिल्ड करता येते.

आता उपाय. इथं पर्याय देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायचे. कॉन्फिगरची 'हेल्प' आणि सोर्ससोबतची इन्स्टॉल फाइल उघडलीस की त्याच नावांनी सापडतील.

आधी ओपनएसएसएल, ३.० मालिकेतलं. त्याच्या कॉन्फिगरला प्रीफिक्स दे होममधल्या 'लोकल' फोल्डरचा. 'लिबडिर' नुसतं 'लिब' ठेव, नाहीतर ६४ बिट मशीनवर लायब्ररी 'लिब६४'मध्ये जाते आणि पायथॉन तिला 'लिब'मध्ये शोधत राहतं. 'ओपनएसएसएलडिर' म्हणून 'ईटीसी'मधल्या 'पीकेआय'मधलं 'टीएलएस' दे. सेंटओएसची विश्वासू प्रमाणपत्रं तिथं असतात आणि ती वाचायला कुणालाच मनाई नाही. मग मेक, आणि शेवटी 'मेक इन्स्टॉल_एसडब्ल्यू'. हा 'एसडब्ल्यू' विसरू नकोस. साधं इन्स्टॉल त्या टीएलएस फोल्डरातही लिहायला जाईल आणि तिथं तुला परवानगी नाही.

पर्ल भाषेचं 'आयपीसी-सीएमडी' मॉड्यूल नाही अशी एरर आली आणि ते कुणी घालून देत नसेल, तर १.१.१ मालिकेतलं शेवटचं घे. तिची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली आहे, म्हणून पहिली पसंती ३.० लाच.

आता पायथॉन. जुना फोल्डर काढून सोर्स नव्यानं उलगड. प्रीफिक्स होममधला 'लोकल' फोल्डरच, 'विथ-ओपनएसएसएल'लाही तोच, आणि 'विथ-ओपनएसएसएल-आरपाथ'ला 'ऑटो'. या शेवटच्या पर्यायामुळं पायथॉनला आपली लायब्ररी कुठं आहे ते कायमचं कळतं. दरवेळी लायब्ररीचा मार्ग हातानं द्यावा लागत नाही. 'एनेबल-ऑप्टिमायझेशन्स' देऊ नकोस. सेंटओएस ७ चा कंपायलर जीसीसी ४.८.५ आहे, त्याच्यावर तो पर्याय बिल्ड मध्येच मोडतो. मेकला 'जे' देऊन काम वाटता येतं, पण मशीनवर आणखी कुणी लॉगिन असेल तर सगळे कोर अडवू नयेत.

झालं की पायथॉनमध्ये एसएसएल इम्पोर्ट करून त्याची आवृत्ती छापून बघ. ३.० (किंवा तू घेतलं असेल तर १.१.१) दिसलं की पिप चालणार. होममधल्या 'लोकल'मधला 'बिन' फोल्डर बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलीत पाथच्या सुरुवातीला घाल.

कोंडा हे तयार पायथॉन बसवून देणारं साधन वापरलं तर यातलं बरंच टळतं, हे खरं. पण तू सोर्सपर्यंत आली आहेस. एकदा स्वतः बिल्ड पुरा करावास असं मला मनापासून वाटतं. लायब्ररी कुठून येते, कोण कुणाला शोधतं, हे पुढं नोकरीत रोज लागतं.

लॅब असिस्टंटना मात्र सांगून कर. मराठीत विचार, कन्नडमध्ये विचार, पण एरर जशीच्या तशी लिहून ने. आणि सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले, तेव्हा नवी सिस्टिम घालण्यासाठी वर्गानं मिळून विभागप्रमुखांना अर्ज द्या. ही मागणी अगदी रास्त आहे.

प्रश्न : लॅबमध्ये नेट नाही. निपाणीत घरी सोर्स उतरवून पेनड्राइव्हवरून नेतो. पेनड्राइव्हवरच उलगडून बिल्ड केला तर चालेल का?

उत्तर : नको. पेनड्राइव्ह बहुधा फॅट पद्धतीचा असतो; लिनक्सच्या परवानग्या आणि सिम्बॉलिक लिंका त्यावर टिकत नाहीत. बंद टारबॉल (सोर्सची गुंडाळलेली फाइल) तसाच होममध्ये कॉपी करा आणि तिथं उलगडा. त्याआधी मूळ साइटवरचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते ओळखायची खूण) कागदावर उतरवून न्या आणि कॉपी केलेल्या फाइलशी ताडून बघा. जागा पुरेल का तेही 'कोटा' आज्ञेनं आधीच पाहा. बिल्ड झाल्यावर सोर्सचा फोल्डर काढून टाकला तरी बसवलेलं पायथॉन चालत राहतं.