वायूविहिरीचं पाणी गावाच्या नळाला देता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: कोळशाच्या थरातून मिथेन काढताना जे पाणी उपसतात, ते शुद्ध करून गावाला प्यायला देता येतं का, की हे सगळं कागदावरच?

देता येतं, आणि दिलंही जातं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात चिंचिला नावाचं गाव आहे. तिथून जवळच्या वायूक्षेत्रात ‘केनिया’ नावाचा शुद्धीकरण प्रकल्प आहे (आफ्रिकेशी संबंध नाही). त्याची क्षमता ९२ एमएलडी, म्हणजे दिवसाला ९२ दशलक्ष लिटर. शुद्ध केलेलं पाणी साधारण २० किलोमीटर पाइपातून कॉन्डमाइन नदीवरच्या चिंचिला बंधाऱ्यात सोडतात. त्यातलं बरंचसं शेतीला जातं, आणि गावाची नळयोजना त्याच बंधाऱ्यातून पाणी उचलते. म्हणजे आरओचं (बारीक पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, दाबाने गाळलेलं) पाणी थेट नळाला जोडलेलं नाही. मध्ये नदी आहे आणि नेहमीचं जलशुद्धीकरण केंद्रही आहे. हा मधला टप्पा सोडू नका. प्रकल्पात बिघाड झाला तर तो लक्षात येऊन पाणी थांबवायला जो वेळ लागतो, तो इथेच मिळतो.

आधी पाण्याची जात समजून घ्या. मिथेन कोळशाला पाण्याच्या दाबामुळे चिकटून असतो; पाणी उपसलं की दाब उतरतो आणि वायू सुटतो. त्यामुळे विहीर नवी असताना पाणी भरपूर आणि वायू कमी, पुढे नेमकं उलटं. नळयोजना आपण ३० वर्षांच्या हिशेबाने आखतो, आणि ही विहीर काही वर्षांतच पाण्याला हात आखडता घेते. शिवाय पंप कधी चालवायचा हे वायू काढणारी कंपनी ठरवते, नगरपालिका नाही. म्हणून हे पाणी जोडीचा स्रोत म्हणून घ्यावं, एकमेव म्हणून कधीच नाही.

चवीला ते मचूळ असतं. क्षार मुख्यतः सोडियम बायकार्बोनेट आणि मीठ; टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, लिटरला हजार ते सहा हजार मिलिग्रॅम सहज, पीएच ८ ते ९. कॅल्शियम-मॅग्नेशियम फार थोडं, सल्फेट जवळजवळ शून्य. बोरॉन, फ्लोराइड, अमोनिया, सिलिका आणि बेरियम मात्र तपासायलाच हवेत. वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने) नागपूरजवळ खाणीच्या पाण्याचं ‘कोल नीर’ काढलं, त्याच्याशी याची गल्लत करू नका. ते उपशाचं खाणपाणी, त्याचं रसायन वेगळं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बेरियमचा. पाण्यात सल्फेट नाही म्हणूनच बेरियम मुकाट विरघळून राहिलेला असतो. गढूळपणा काढायला आपला हात सवयीने तुरटीकडे जातो, आणि तुरटी म्हणजे सल्फेटच. पीएच उतरवायला स्वस्त म्हणून सल्फ्युरिक आम्ल घेतलं तरी तेच. पुढे आरओमध्ये पाणी पाचपट आटतं आणि शेवटच्या टप्प्यातल्या मेम्ब्रेनवर बेरियम सल्फेटचा थर बसतो. लक्षण सोपं आहे: पहिल्या टप्प्याचे आकडे ठीक, पण शेवटच्या टप्प्याचं उत्पादन घसरतं आणि तिथला दाबफरक वाढतो. मेम्ब्रेन उघडून पांढऱ्या थरावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फेस आला तर कार्बोनेट, ते धुऊन निघतं. थर ढिम्म राहिला तर बहुधा बेरियम, आणि मग बहुतेक वेळा मेम्ब्रेनच बदलावा लागतो. त्यामुळे तुरटीऐवजी पीएसी (पॉलिअल्युमिनियम क्लोराइड), सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक, आणि अल्ट्राफिल्ट्रेशननंतर (आरओआधीची बारीक गाळणी) आयन एक्स्चेंज (नको ते आयन धरून ठेवणारं रेझिन) लावून बेरियम-कॅल्शियम आधीच काढून टाकायचं. साठवण तळ्यात शेवाळं माजलं की अल्ट्राफिल्टर आधी तुंबतो, तेव्हा तळं उगाच मोठं करू नये.

बोरॉन आणि अमोनियाची तऱ्हा एकमेकांच्या उलट. पीएच ८ च्या आसपास बोरॉनचा मोठा हिस्सा मेम्ब्रेनमधून निसटतो. तो अडवायला पीएच १० च्या घरात न्यावा लागतो. अमोनिया मात्र पीएच वाढला की वायुरूपात आरपार जातो, ७ च्या खाली नीट अडतो. दोन्ही जास्त असतील तर आरओचे दोन फेरे घ्या: पहिला कमी पीएचवर, दुसरा कॉस्टिक सोडा घालून चढवलेल्या पीएचवर. अमोनिया राहिला तर क्लोरीन खातो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे आठ-दहा मिलिग्रॅम क्लोरीन गेल्याशिवाय नळाच्या टोकाला मुक्त क्लोरीन दिसत नाही.

आरओमधून निघालेलं पाणी भुकेलं असतं. तसंच सोडलं तर जुन्या लोखंडी पाइपातला गंज सुटतो आणि सिमेंटचं अस्तर झिजतं. चुना आणि कार्बन डायऑक्साइड देऊन कॅल्शियम कठीणपणा लिटरला ४० ते ६० मिलिग्रॅमपर्यंत आणावा लागतो. मिथेनही विसरू नका. हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो, म्हणून पाणी बंद टाकीत नेण्यापूर्वी उघड्यावर वायुवीजन हवं, टाकीला वरून मोकळी वाट हवी, आणि पंपघरात वायुशोधक.

खरं दुखणं क्षाराचं. वीस हजार वस्तीच्या गावाला माणशी १३५ लिटर धरा: रोज २७ लाख लिटर. ८० टक्के पाणी हाती लागतं असं मानलं तर कच्चं पाणी पावणेचौतीस लाख लिटर लागेल. टीडीएस चार हजार असेल तर त्यातून रोज साडेतेरा टन क्षार निघतो, वर्षाला पाच हजार टनांच्या आसपास. उरलेलं पावणेसात लाख लिटर खारं पाणी तळ्यात वाळवायचं म्हटलं, आणि पाऊस वजा जाता वर्षाला दीड मीटर बाष्पीभवन धरलं, तर अस्तर घातलेली सुमारे ४० एकर तळी हवीत. क्वीन्सलँडने २०१० मध्ये बाष्पीभवन तळी हा मुख्य उपाय म्हणून बंद केला, तेव्हापासून खारं पाणी आणखी आटवण्याकडे कल आहे. त्याला वीज लागते, आणि शेवटी घट्ट क्षार कुठे पुरायचा हा प्रश्न उरतोच.

म्हणून कोणी अशी योजना घेऊन आलं तर मेम्ब्रेनचं माहितीपत्रक बाजूला ठेवा. आधी विहिरींच्या पाण्याचा वर्षवार अंदाज मागा, मग बेरियम-बोरॉनसह कच्च्या पाण्याचे वेगवेगळ्या विहिरींचे अहवाल. क्षार कोणाच्या जमिनीवर जाणार आणि कंपनी निघून गेल्यावर त्या तळ्याचं अस्तर कोण सांभाळणार, हे करारात लिहून घ्या.