खाडीपुलाचे खांब पाण्याखाली किती सडलेले असतात? दुरुस्ती कशी करतात?

ओहोटीला लोकलमधून खांबांवर गंजाचे ओघळ दिसतात, मग पाण्याखाली तर याहून वाईट अवस्था असणार, अशी तुमची शंका आहे. मी पूल तपासणीच्या कामात आहे. बहुतेकदा उलटंच असतं.

काँक्रीटमधली सळई गंजायला मीठही लागतं आणि ऑक्सिजनही. कायम बुडालेल्या भागाला ऑक्सिजन जेमतेम मिळतो, त्यामुळे तिथे गंज संथ. भरती-ओहोटीचा पट्टा मात्र रोज भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो आणि मीठ आत मुरत जातं. मुंबईत उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, म्हणजे पट्टा चांगलाच उंच. गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. तुम्हाला दिसतं ते बहुधा खांबाचं सगळ्यात खराब अंग.

खालची भीती वेगळी. प्रवाह खांबाभोवतीचा तळ खरवडून नेतो. खांब धडधाकट, पण त्याला धरून ठेवणारी माती गेलेली! वसई, वैतरणा भागात रेल्वे पुलांजवळच्या रेती उपशावरून ओरड होते ती यासाठीच. हे वरून कळत नाही, सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राने, तळ मोजून आधीच्या मोजणीशी ताडावा लागतो. खड्डा पडला असेल तर मोठे दगड टाकून भरतात.

काँक्रीटची दुरुस्ती जास्त किचकट. डायव्हर आधी कालवं खरवडतो. आपल्या खाड्यांत स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून निम्मी तपासणी चाचपूनच होते. फोटोसाठी कॅमेऱ्यापुढे स्वच्छ पाण्याचा पारदर्शक डबा धरतात. काम शक्यतो भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो त्या दिवसांत, कारण तेव्हा ओढ कमी असते. ढिलं काँक्रीट काढून खांबाला फायबरग्लासचं जॅकेट घालतात आणि ट्रेमी पाइप, म्हणजे काँक्रीट ओतायची लांब नळी, तळाशी नेऊन काँक्रीट खालून वर भरत आणतात. पाण्यातून वरून सोडलं तर सिमेंट धुऊन जातं, उरते खडी.

नुसत्या जॅकेटवर माझा भरवसा नाही. जुन्या काँक्रीटमध्ये मीठ राहिलं तर गंज आत चालूच राहतो, वर तो झाकलाही जातो. म्हणून सळईला जोडून जस्ताचे अॅनोड बसवावेत. सळईऐवजी जस्त झिजतं. ते संपले की बदलावे लागतात, आणि टेंडरमध्ये नेमकी हीच ओळ गाळली जाते.